चौकट उभी राहताना टेप आपल्या हातात



बारामती-इंदापूरकडच्या आपल्या गटांतल्या कितीतरी जणींचं घरकुल बांधून झालंय, कितीजणींचं व्हायचंय. पंतप्रधान आवास योजनेत आपल्यासारख्या सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. एवढ्यात दार दोनदा बसवणं परवडत नाही. घर आपल्या नावावर, नाहीतर नवराबायको दोघांच्या नावावर असतं. मग दारखिडक्या तपासायच्या कुणी? आपणच!

आधी लाकूड. सागवान उत्तम, पण महाग. कडुनिंबाला वाळवी कमी लागते. बाभूळ मजबूत, पण ओली वापरली तर वाळताना पिळते. सुतारमामांना स्पष्ट विचारा, लाकूड कापून किती महिने झाले? सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं रचून वाळवलेलंच घ्या.

चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू आणि खालचे पाय यांना डांबर लावून घ्या. ओल आणि वाळवी तिथूनच शिरते.

चौकट उभी केली की गवंड्याला थांबवा आणि तीन गोष्टी बघा. ओळंबा समोरूनही धरा आणि बाजूनेही. मग टेपने एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजा, तसंच दुसरीकडून. दोन्ही मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे. तिसरं, होल्डफास्ट. दाराला प्रत्येक बाजूला तीन, खिडकीला दोन, आणि ते काँक्रीटमध्ये पक्के हवेत. भिंत वाळेपर्यंत चौकटीच्या मध्ये आडवी फळी ठोकून ठेवा, म्हणजे पाय आत दबत नाहीत.

काळ्या रानात घर असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत हलली की चौकट तिरकी होते. मग दार कितीही रंधा, ते अडकणारच.

दाराची फळी गिलावा वाळल्यावरच बसवा. बिजागऱ्या तीन. कडेला सुमारे तीन मिलिमीटर फट ठेवा, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. रंग देताना दाराची वरची आणि खालची कड विसरू नका. ती दिसत नाही, पण पाणी तीच पिते.

शेवटी दार अर्धं उघडून सोडून द्या. आपोआप फिरलं तर ओळंबा चुकलाय. हे बघितल्याशिवाय मजुरीची शेवटची रक्कम देऊ नका.

एक ओळंबा आणि एक टेप गटातच घेऊन ठेवा. जिचं घर चालू असेल, तिच्याकडे ते जाऊ द्या. रात्री कडी नीट लागली, तर लेकीबाळींना घेऊन निर्धास्त झोपता येतं.