संशोधनाचा खर्च कोण उचलतो?

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला विस्मरण होऊ लागले की कुटुंबीयांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, असे आपल्याकडे किती जणांना होते?’ आम्ही उत्तर देतो की, साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. हा आकडा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी देशभराच्या एकत्रित पाहणीवर आधारलेला असा अंदाज आपल्या हाती नव्हता.

आकडा सांगायला एक वाक्य पुरते. तो मिळवण्यासाठी मात्र अठरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत चार हजारांहून अधिक वृद्धांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. त्यांना ओळखणाऱ्या नातलगांच्या मुलाखती झाल्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांपैकी अनेकांची माहिती तपासली. ज्या मोठ्या पाहणीचा हा एक भाग होता, ती ‘लासी’ या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अमेरिकेतील दोन विद्यापीठांसह २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांची ही पाहणी केली. तिचा खर्च केंद्रीय आरोग्य मंत्रालय, संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था यांनी उचलला. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी मुख्य अनुदान याच अमेरिकी संस्थेचे होते.

आपल्या आजी-आजोबांच्या विस्मरणाची मोजदाद अमेरिकी करदात्याच्या पैशाने झाली, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्ञानाला सीमा नसतात. तथापि त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती ही की वैद्यकात ज्या प्रश्नाला अनुदान मिळते, तोच प्रश्न विचारला जातो. ज्याला मिळत नाही, तो घराघरांत सोसला जातो, पण त्याचे उत्तर कोणाजवळही नसते.

पैसा कोठून येतो?

आपल्या देशात संशोधनासाठी सरकारी अनुदानाची परंपरा जुनी आहे. १९११ साली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या परळच्या हाफकिन संस्थेत भरली होती. १९४९ मध्ये तिचेच नामांतर होऊन भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, अर्थात आयसीएमआर, उदयास आली. ही परिषद स्वतःच्या संस्था चालवते, तसेच बाहेरच्या वैद्यकीय महाविद्यालयांकडून व रुग्णालयांकडून ठरावीक काळाने प्रस्ताव मागवून त्यांना अनुदान देते. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन हीदेखील याच वर्गातील दारे आहेत.

दुसरा स्रोत विश्वस्त निधींचा. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी पुढच्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. रक्ताच्या कर्करोगावर देशोदेशी चालणाऱ्या संशोधनाला हा विश्वस्त निधी आजही साहाय्य करतो. एका घरातील दुःखातून उभी राहिलेली ही व्यवस्था नव्वद वर्षांनंतरही अनोळखी रुग्णांच्या कामी येत आहे. लंडनचा वेलकम ट्रस्ट हा असाच मोठा दाता. भारताचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून २००८ साली ‘इंडिया अलायन्स’ निर्माण झाले. संशोधन करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठी त्याच्या खास शिष्यवृत्त्या आहेत.

तिसरा स्रोत औषध व उपकरण कंपन्यांचा. नवे औषध बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांचा बहुतेक खर्च कंपन्या करतात आणि त्यामुळे आपल्याला अनेक उत्तम औषधे मिळाली आहेत. परंतु जे उत्तर विकता येईल, त्याच प्रश्नावर कंपनी खर्च करणार, हे व्यवहाराला धरूनच आहे.

आता वृद्धांच्या घरातील नेहमीचे प्रश्न पाहा. ऐंशी वर्षांच्या आजींच्या नऊ गोळ्यांपैकी कोणत्या निर्धोकपणे बंद करता येतील? न्हाणीघरात पडणे कमी व्हावे म्हणून आपल्या पद्धतीच्या घरांत काय बदलावे? अंथरुणाला खिळलेल्या पतीची शुश्रूषा करणाऱ्या सत्तरीच्या पत्नीची झोप आणि कंबर कशी सांभाळावी? यांपैकी एकाही उत्तरातून गोळीचे पाकीट विकले जाणार नाही. म्हणून असे प्रश्न सार्वजनिक पैशावर किंवा दात्यांवर अवलंबून असतात. ते कोणी आग्रहाने मांडले नाहीत, तर अनुत्तरितच राहतात.

अनुदान मिळते कसे?

‘संशोधनासाठी पैसे मिळाले’ हे वाक्य ऐकले की संशोधकाच्या हाती धनादेश आला असावा, अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात अनुदान संस्थेच्या खात्यात जमा होते आणि त्यातील रुपयान् रुपयाचा हिशेब द्यावा लागतो.

प्रथम अनुदान देणारी संस्था विषय आणि मुदत जाहीर करते. संशोधकाला आपला प्रश्न नेमक्या शब्दांत मांडावा लागतो. आजवर या विषयात काय झाले, किती लोकांची पाहणी करणार, तो आकडा कसा ठरवला, परिचारिका व क्षेत्रकार्यकर्ते किती लागतील, प्रवास व तपासण्यांचा खर्च किती, हे सारे लिहावे लागते. तज्ज्ञ परीक्षक तो प्रस्ताव वाचतात, शंका काढतात. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची संमती हवी. परदेशी निधी असेल, तर परकीय अंशदान कायद्याखाली केंद्राची नोंदणी वा परवानगी लागते. या सगळ्यात अनेक महिने जातात आणि पुष्कळ प्रस्ताव नामंजूरही होतात.

प्रस्ताव का फेटाळले जातात? प्रश्न फार पसरट असणे हे एक नेहमीचे कारण. ‘वृद्धांचे आरोग्य’ या विषयाला पैसा मिळणे कठीण. ‘आमच्या तालुक्यातील सत्तरीपुढील मधुमेही व्यक्तींमध्ये रात्री पडण्याचे प्रमाण पायांच्या व्यायामाने कमी होते का?’ हा प्रश्न परीक्षकाला उमगतो, मोजता येतो आणि त्याचा खर्चही काढता येतो.

आपल्या घरी वैद्यकीय, परिचर्या किंवा भौतिकोपचार शिकणारी नातवंडे असतील, तर त्यांना हे अवश्य सांगावे. एमबीबीएस व दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. वृद्धांसाठी उपयुक्त उपकरणाची नवी कल्पना असेल, तर ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेची आरंभीच्या टप्प्यासाठी पन्नास लाखांपर्यंतच्या अनुदानाची योजना आहे. माझ्यासारख्या खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने एकट्याने अर्ज करण्यापेक्षा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी भागीदारी करावी. नीतिमत्ता समिती, हिशेबनीस आणि सांख्यिकीतज्ज्ञ तेथे असतात.

अनुदानाची मुदत आणि आजाराचा काळ

अनुदान सहसा तीन ते पाच वर्षांचे असते. वार्धक्यातील आजार मात्र कित्येक दशके आधी रुजू लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती मातांची पाहणी आरंभली. वेलकम ट्रस्टने तिला साहाय्य केले. त्या मातांची मुले पुढे वर्षानुवर्षे तपासली गेली. त्यातून भारतीय नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे दिसून आले. मातेच्या शरीरातील ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मुलांच्या पुढील मधुमेहाच्या धोक्याशी असलेला संबंधही पुढे आला. पहिल्या अनुदानाबरोबरच काम थांबले असते, तर यातील मोठा भाग आपल्याला कळलाच नसता. दीर्घ अभ्यास टिकवायचा, तर अनुदानामागून अनुदान मिळवत राहावे लागते.

यातील धोकाही उघड आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, नवी व्यवस्था तयार होईपर्यंत परदेशी संस्थांकडे उप-अनुदान वळवणारी नवी अनुदाने देणार नसल्याचे जाहीर केले. दूरच्या देशातील एका निर्णयाने इथल्या कामाचा आधार डळमळू शकतो. आपल्या वृद्धांचे प्रश्न आपल्याच पैशाने विचारता येणे म्हणूनच आवश्यक आहे.

संशोधक दारी आल्यास

आपण किंवा आपल्या घरातील रुग्ण एखाद्या अभ्यासात सहभागी होणार असेल, तर माहितीपत्रक घरी आणून शांतपणे वाचावे आणि पुढील प्रश्न नि:संकोच विचारावेत.

पहिला प्रश्न : या अभ्यासाचा खर्च कोण करीत आहे? हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. प्रामाणिक संशोधक त्याचे उत्तर तत्परतेने देतो. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही सार्वजनिक नोंदवही २००७ पासून संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी जून २००९ पासून तेथे बंधनकारक आहे. प्रत्येक नोंदीत आर्थिक साहाय्य कोणाचे, हे लिहिलेले असते. नातवंडांच्या मदतीने ते दोन मिनिटांत पाहता येते.

दुसरा प्रश्न : नीतिमत्ता समितीची मान्यता आहे काय? समितीचा संपर्क क्रमांक माहितीपत्रकावर असला पाहिजे.

तिसरा प्रश्न : मला काही द्यावे लागेल काय? संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचा व उपचारांचा भार सहभागी व्यक्तीवर पडता कामा नये. येण्याजाण्याचा खर्चही मागता येतो.

चौथा प्रश्न : अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद त्यांत आहे.

नकार देण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा अधिकार सदैव आपला असतो. त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडू नये. रुग्णाला स्वतः निर्णय घेणे शक्य नसेल, तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेतली जाते. अशा वेळी ‘मला काय वाटते’ यापेक्षा ‘शुद्धीत असताना यांना काय आवडले असते’ असा विचार शुश्रूषा करणाऱ्याने करावा.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, पक्षाघात अशा आजारांत हताश झालेल्या कुटुंबांना ‘मूलपेशींचे संशोधनात्मक उपचार’ लाखो रुपये घेऊन सुचवले जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील मूलपेशी रोपण वगळता इतर सर्व उपयोग प्रायोगिक मानले जातात. ते केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. संशोधनाचे नाव आणि रुग्णाच्या हाती मोठे बिल ही जोडी दिसली, की तेथून उठून यावे.

आपल्याला काय करता येईल?

ज्यांना आर्थिक साहाय्य करण्याची इच्छा आहे, त्यांनी भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या भावनिक आवाहनांना प्रतिसाद देण्याऐवजी एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या संशोधन निधीला, धनादेशाने, रीतसर पावती घेऊन देणगी द्यावी. देणगी कोणत्या कामासाठी आहे, हे पत्रात लिहावे आणि वर्षाअखेरीस अहवाल मागावा. प्राप्तिकरातील सवलत करप्रणालीवर व संस्थेच्या नोंदणीवर अवलंबून असते, म्हणून आधी कर सल्लागाराला विचारावे. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर सवलत मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पैसा नसला तरी देण्याजोगे एक मोलाचे धन प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्यापाशी आहे, ते म्हणजे अनुभवातून आलेला प्रश्न. रात्रीच्या जागरणात जो प्रश्न छळतो, तो आपल्या डॉक्टरांना सांगावा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत मांडावा, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला पत्राने कळवावा. तेथील पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. आपल्या पत्रातील एक ओळ त्यांच्यापैकी एखाद्याच्या प्रस्तावाचे पहिले वाक्य होऊ शकते, आणि अनुदानाची वाट त्या वाक्यापासूनच सुरू होते.