अंकीय माध्यमे व बालकांचा भाषाविकास

भ्रमणध्वनी, टॅब्लेट, संगणक इ. साधनांद्वारे मिळणारी चित्रे, ध्वनी व मजकूर यांचा बालकाच्या भाषाग्रहणावर आणि कथनक्षमतेवर होणारा परिणाम, हा बालमानसशास्त्रातील अभ्यासविषय आहे. हा परिणाम केवळ साधनावर नव्हे, तर बालकाला मिळणाऱ्या प्रतिसादावरही अवलंबून असतो.

बालक नुसते ऐकून भाषा शिकत नाही. त्याने बोट दाखविलेल्या वस्तूचे नाव वडीलधारी माणसे सांगतात. त्याचा अर्धवट शब्द पुरा करतात. या देवघेवीतून त्याची शब्दसंपत्ती वाढते. अमेरिकेत पट्रिशा कूल व सहकाऱ्यांनी (२००३) इंग्रजी भाषक घरांतील ९ महिन्यांच्या अर्भकांना १२ सत्रांत मँडरिन चिनी ऐकविली. प्रत्यक्ष व्यक्तीकडून ती ऐकणाऱ्यांना तिच्यातील ध्वनिभेद ओळखता येऊ लागले; चित्रफीत पाहणाऱ्यांना किंवा ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना ते साधले नाही. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ ते ३० महिन्यांची मुले दृक्‌श्राव्य दूरसंभाषणातूनही नवी क्रियापदे शिकली. पूर्वमुद्रित चित्रफितीतून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. प्रतिसाद एकीकडेच होता.

गोष्ट सांगण्यासाठी घटनांचा क्रम, कार्यकारणसंबंध, पात्रांचे हेतू आणि श्रोत्याला काय ठाऊक नाही याचे भान आवश्यक असते. ‘मग काय झाले?’, ‘तो का रडला?’ अशा प्रश्नांनी ते जोपासले जाते. मिशिगन विद्यापीठातील एका अभ्यासात (२०१९) छापील पुस्तकाच्या तुलनेत इलेक्ट्रॉनिक पुस्तक वाचताना पालक व बालक यांच्यातील गोष्टीविषयीचा संवाद कमी आणि साधन हाताळण्याविषयीचे बोलणे अधिक आढळले. कथेशी सुसंगत हलती चित्रे व ध्वनी आकलनास साहाय्यक ठरतात. मध्येच येणारे खेळ मात्र लक्ष विचलित करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने (२०१९) एका वर्षाच्या आतील बालकांसाठी पडद्याचा वापर टाळावा व २ ते ४ वर्षांच्या बालकांसाठी तो दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक नसावा, अशी शिफारस केली आहे.

अंकीय माध्यमांची उपयुक्त बाजूही आहे. प्रथम बुक्स या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर (स्थापना २०१५) मराठीसह अनेक भारतीय भाषांतील सचित्र बालकथा विनामूल्य उपलब्ध आहेत. छापील बालपुस्तके सहज न मिळणाऱ्या घरांत व शाळांत त्यांचे मोल मोठे आहे. तथापि अशी कथा मोठ्याने वाचून दाखविणारे आणि ती बालकाकडून पुन्हा ऐकून घेणारे माणूस शेजारी असल्यास तिचा भाषाविकासास अधिक लाभ होतो.