समरकंदच्या भिंतींवर काय लिहिले आहे?

उझबेकिस्तानात सर्वांत आधी मन जिंकतो तो तिथला सलाम. ताश्कंदमध्ये टॅक्सीवाला, दुकानदार, शाळेत निघालेला पोरगा, सारेच उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकतात आणि ‘अस्सलोमु अलैकुम’ म्हणतात. भाषा तुर्की कुळातली, पण किताब, बाजार, अनार, दुनिया, मेहमान हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने सतत भेटत राहतात. आमचे निम्मे व्यवहार त्यांवरच भागले.

शहर म्हणून ताश्कंदने मला फारसे ओढले नाही. १९६६ च्या भूकंपात जुनी वस्ती बरीचशी कोसळली आणि सोव्हिएत राजवटीने रुंद रस्त्यांचे, मोठ्या इमारतींचे नवे शहर उभे केले. (त्याच वर्षी जानेवारीत लालबहादूर शास्त्रींचे निधन इथेच झाले.) १९७७ साली सुरू झालेली मेट्रो मात्र पाहण्यासारखी. वयस्कर माणूस डब्यात शिरले की तरुण पोरे आपणहून उठतात.

समरकंदला वेगवान रेल्वे दोन-अडीच तासांत पोहोचवते. आम्ही मोटारीने गेलो, गावे पाहायची होती म्हणून. शेतांच्या कडेने तुतीच्या रांगा. त्या पाल्यावर घरोघरी रेशीमकिडे पोसतात. आणि मग कापूसच कापूस, थेट विदर्भाची आठवण व्हावी असा. काही वर्षांपूर्वीपर्यंत वेचणीच्या हंगामात विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर यांनाही सक्तीने या शेतांत नेत असत. चालकाने आपले पंजे आमच्यासमोर उघडून दाखवले, बोलला काही नाही.

वाटेत एका घरी चहा झाला. हिरवा चहा, बिनदुधाचा. पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पाहुण्याला पुनःपुन्हा वाढता येते. काठोकाठ भरला तर ‘आता निघा’ असा अर्थ! तंदुरातले गोल नान घरातल्या मोठ्याने हाताने मोडायचे. ते पालथे ठेवणे बेअदबी. माझी अम्मीही भाकरी पालथी पडू देत नसे.

समरकंदची रेगिस्तानची चौकट, १४२० साली पूर्ण झालेला उलुगबेगचा मदरसा, यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेलीच असतात. मी जास्त वेळ रमले शाह-ए-जिंदा येथे. हजरत कुसम इब्न अब्बास (रजि.) यांच्या मजारीभोवतीच्या या कबरस्तानात निळ्या फरशांच्या भिंती अरबी अक्षरांनी भरल्या आहेत. तिथे एक आजी तोंडपाठ सूरह म्हणत बसल्या होत्या. सोव्हिएत काळात बहुतेक मशिदी बंद होत्या. आजींना ते सूरह त्यांच्या आजीने पडदे ओढून, हळू आवाजात शिकवलेले. पण लिपी कोण शिकवणार? १९२० च्या दशकाअखेर अरबी लिपी जाऊन रोमन आली, १९४० मध्ये रशियन, आता पुन्हा रोमन. आजी रशियन अक्षरे वाचतात, नात रोमन. पूर्वजांच्या कबरींवरचे दोघींनाही वाचता येत नाही.

आमच्या कोकणातल्या घरी दादांची उर्दू पत्रे पेटीत पडून आहेत. मुले कुरआन वाचतात, मराठी वाचतात. पत्रे मात्र कोणी उघडत नाही.

कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या त्या नातीने भिंतीकडे बोट दाखवून विचारले, “काय लिहिलंय?” मी अक्षरे लावून वाचले : अल्-मुल्कु लिल्लाह. “मुल्क?” ती चमकली. तिच्या भाषेत मुल्क म्हणजे मालमत्ता, शब्द रोजचा. तिने वही काढली आणि माझ्याकडून तीन अक्षरे गिरवून घेतली. मीम, लाम, काफ. आजी वाकून पाहत होत्या.