‘वयं रक्षामः’ : अध्याहृत कर्माचा अर्थ

भारतीय तटरक्षक दलाच्या ‘वयं रक्षामः’ या ब्रीदवाक्यात ‘रक्ष्’ हा धातु सकर्मक असूनही कर्म अध्याहृत आहे. रक्षण कोणाचे? १९७८ च्या कायद्याने दलाकडे चोरट्या आयातीस पायबंद घालणे व संकटातील कोळ्यांस साहाय्य करणे ही दोन्ही कार्ये सोपविली. म्हणूनच गोवा शिपयार्डने बांधलेल्या, २०१५ साली दलात दाखल झालेल्या ‘समर्थ’ या १०५ मीटर लांबीच्या गस्तीनौकेवर तोफेसमवेत हेलिकॉप्टर व शीघ्रगती होड्या यांचीही सोय आहे. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय शोध व बचाव करारानुसार संकटग्रस्ताचे राष्ट्रीयत्व वा दर्जा पाहावयाचा नसतो. ज्या होडीचा पाठलाग चालला आहे तीच बुडू लागली, तर तिच्यातील अपराधीही रक्षणीय ठरतो. कर्माचा अनुल्लेख हा येथे अर्थाचा विस्तारच होय.