मिनी ट्रॅक्टरला काय जोडावं

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष-डाळिंब पट्ट्यात १५ ते ३० एचपीचे छोटे ट्रॅक्टर आता सर्रास दिसतात. ट्रॅक्टर घेताना माणूस दहा जणांना विचारतो. अवजारं मात्र शोरूमवाला सोबत जी देईल ती घेऊन येतो. पाच फणांचा कल्टिव्हेटर, एक रोटाव्हेटर आणि एक छोटा पलटी नांगर असा ठरलेला संच गोठ्याशेजारी येऊन पडतो. त्यातला नांगर बहुतेकांकडे गंजत राहतो. तो का गंजतो हे कळलं, की बाकीची निवड सोपी होते.

इंजिनाची ताकद ट्रॅक्टरमधून दोन वाटांनी बाहेर पडते. एक वाट मागच्या चाकांची: चाक जमीन धरतं आणि अवजार ओढतं. दुसरी वाट पीटीओची: मागचा दांडा फिरतो आणि अवजाराची पाती, पंखा किंवा पंप फिरवतो. नांगर, फण, सरी पाडायचा रेझर, ट्रॉली ही ओढायची अवजारं. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, पाचट कुट्टी ही फिरवायची. छोट्या ट्रॅक्टरची निवड या एका भेदावर ठरते, कारण ओढायला एचपीइतकंच वजनही लागतं, आणि छोट्या ट्रॅक्टरकडे नेमकं तेच कमी असतं.

हिशेब करून पाहू. फूटभर रुंद आणि दहा इंच खोल तास काढायचा, तर नांगर साधारण ७५० चौरस सेंटिमीटर माती कापतो. काळ्या भारी रानात दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते पाऊण किलो ओढ लागते असं धरलं, तर एकूण ओढ पावणेचारशे ते साडेपाचशे किलोंच्या घरात जाते. आता ट्रॅक्टर बघा. २४ एचपीच्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांचं वजन सहाशे ते साडेआठशे किलो असतं, आणि भुसभुशीत रानात ट्रॅक्टर ढोबळमानाने स्वतःच्या वजनाच्या निम्मं ओढतो. म्हणजे तीनशे ते सव्वाचारशे किलो. चालण्याच्या वेगाने पाचशे किलो ओढायला खरं तर सातेक एचपी पुरतात. इंजिनात ताकद पडून असते, पण चाक जागच्या जागी फिरतं आणि टायर झिजतो.

हलक्या ट्रॅक्टरचा हा प्रश्न जुनाच आहे. हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने तीन बिंदूंची जोडणी आणि तिला जोडून चालणारी हायड्रॉलिक लिफ्ट आणली, ती यावरच तोडगा म्हणून. १९३६ साली बाजारात आलेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर ती होती. माती अवजाराला मागे खेचते तेव्हा या जोडणीमुळे त्या ओढीचा दाब मागच्या चाकांवर येतो, आणि ओढ फार वाढली की लिफ्ट अवजार आपसूक थोडं वर घेते. सीटशेजारच्या दोन दांड्यांपैकी ड्राफ्टचा दांडा तो हाच. बरेच जण त्याला हातही लावत नाहीत आणि फण मारतानाही अवजार एकाच उंचीवर धरणाऱ्या पोझिशनच्या दांड्यावरच काम रेटतात. फोर-व्हील ड्राइव्हनेही फरक पडतो, कारण पुढच्या चाकांवरचं वजनही कामाला लागतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हा सर्वात स्वस्त उपाय. तरीही भारी रानाची खोल नांगरट मिनी ट्रॅक्टरचं काम नाही. तीन-चार वर्षांतून एकदा उन्हाळ्यात मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगावा, तेवढं पुरतं. घरच्या ट्रॅक्टरला पाच फण ठेवावेत. उथळ पाळी घालायला, मोगडायला ते ठीक चालतात, आणि रान जड वाटलं तर दोन फण काढून टाकता येतात.

फिरवायच्या अवजारांकडे वळलं की छोटा ट्रॅक्टर एकदम मोठा होतो. रोटाव्हेटरची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात, त्यामुळे रोटर ट्रॅक्टरला मागे न खेचता उलट थोडा पुढे ढकलतो. वजनाची अडचण इथे येत नाही. लागते ती पीटीओची ताकद. माहितीपत्रकावरचे २४ एचपी इंजिनाचे असतात. पीटीओला त्यातले १८ ते २२ मिळतात. रोटरच्या दर फुटाला पाच-सहा एचपी धरावेत. त्या हिशेबाने २४ एचपीला साडेतीन फुटी रोटर आरामात चालतो. चार फुटी हलक्या मुरमाड जमिनीत ओढून नेतो, काळ्या रानात मात्र गिअर उतरवावा लागतो आणि खोली कमी होते.

आता टेप घेऊन ट्रॅक्टरच्या मागे बसा. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या. रोटर त्याहून अरुंद असेल, तर चाकाची चाकोरी न फोडलेली, दाबलेली तशीच मागे राहते. बागेत तर वेलीच्या बुडाशी सरकायला रोटर एका बाजूला थोडा बाहेर हवा. त्यासाठी साइड शिफ्टची सोय आहे का ते पाहावं. पात्यांचे आकारही वेगवेगळे असतात. एल आकाराची पाती गवत आणि काडीकचरा असलेल्या रानाला बरी, सी आकाराची कठीण रानाला.

रोटरबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. माती मैद्यासारखी बारीक झाली की बघायला छान वाटतं, म्हणून लोक दर पिकाला दोन-दोनदा रोटर मारतात. पाती चार-पाच इंचांवरच फिरतात आणि त्याखाली वर्षानुवर्षं कठीण थर बसत जातो. पाणी मुरत नाही, मुळं अडतात. हरळी आणि लव्हाळा असलेल्या रानात तर रोटर म्हणजे फुकटची लावण. तुकडा तुकडा होऊन तण सगळीकडे पसरतं. अशा रानात आधी फण मारून काश्या वेचून काढाव्यात. आणि वाफसा नसताना रोटर घालूच नये.

द्राक्षबागायतदारासाठी मात्र पहिलं अवजार ब्लोअरच. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनी रोगाची भीती असली, की फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. ब्लोअर दोन प्रकारचे: लिफ्टवर टांगलेले आणि चाकांवर मागून ओढले जाणारे. टांगलेला स्वस्त पडतो आणि बांधावर चटकन वळतो, म्हणून तो घ्यावासा वाटतो. पण त्याआधी वजनाचा हिशेब घालावा.

समजा, दोनशे लिटरचा टांगलेला ब्लोअर आहे. पाणी दोनशे किलो, यंत्र दीडशे, मिळून साडेतीनशे. लिफ्टची क्षमता साडेसातशे लिहिलेली आहे, मग काळजी कशाची? पहिली गोष्ट, ही क्षमता बहुधा खालच्या लिंकच्या टोकाला मोजलेली असते. भार जसा मागे जाईल तशी ती घटते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ट्रॅक्टर म्हणजे मागच्या आसावर तोललेली तागडीच. साडेसहाशे किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर २६० किलो असतील आणि दोन्ही आसांत पाच फुटांचं अंतर असेल, तर मागच्या आसापासून साडेतीन फूट मागे असलेला साडेतीनशे किलोंचा भार पुढचे २४५ किलो उचलून घेतो. पुढे उरले पंधरा. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जाणार, आणि चढावर तोंड उचलणार. पुढे वजनं लावल्याशिवाय असा ब्लोअर जोडू नये. बाग मोठी असेल तर पाचशे-सहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर घ्यावा. त्याचा बराच भार त्याच्याच चाकांवर राहतो. मात्र चिखलात तो ओढायला फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच.

ब्लोअरचा पंप आणि पंखा पीटीओच्या ५४० फेऱ्यांना बेतलेले असतात. फेऱ्या उतरल्या की दाब उतरतो, पंख्याचा वारा कमी होतो आणि पानाची मागची बाजू कोरडी राहते. आणखी एक गोष्ट ट्रॅक्टरच्या क्लचची. सिंगल क्लच असेल तर ट्रॅक्टर थांबवायला पाय दाबला की पीटीओही थांबतो. डबल क्लच असेल तर ट्रॅक्टर उभा राहतो आणि पंखा फिरत राहतो. ट्रॅक्टर अजून घ्यायचा असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

बाकीच्या अवजारांबद्दल थोडक्यात. ऊस असेल तर भरणीसाठी रेझर हवा, पण सरी चार फुटांच्या आतली असेल तर बहुतेक मिनी ट्रॅक्टरही आत शिरत नाहीत. पेरणी यंत्र, कुट्टी, खोडवा तासणी यांचं काम वर्षातून मोजके दिवस. ती अवजारं भाड्याने देणाऱ्या अवजार-बँकेतून आणलेली परवडतात. ट्रॉली टनभराची पुरे. ती नेहमी खालच्या हुकालाच अडकवावी. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून काही ओढू नये. ओढ आसाच्या वर लागली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि ते इतक्या झटक्यात होतं की उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

अवजार ट्रॅक्टरला बसतं का, हेही दुकानातच पाहावं. कॅटेगरी एकच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ची असते. कॅटेगरी दोनमध्ये २८ आणि २५. मिनी ट्रॅक्टरची जोडणी त्याहून अरुंदही असू शकते. पीटीओ शाफ्ट जोडून अवजार हळूहळू वर-खाली करून बघावं. शाफ्ट लांब पडला तर लिफ्टच्या एखाद्या उंचीवर तो दोन्हीकडून ठेचतो आणि बेअरिंग फोडतो. आखूड पडला तर निसटतो. आतला दांडा बाहेरच्या नळीत किमान एक तृतीयांश तरी शिरलेला हवा. शाफ्टच्या दोन नळ्या जोडताना त्यांच्या आतल्या टोकांचे काटे एका रेषेत नसले, तर सगळा ट्रॅक्टर थरथरतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून टाकू नये. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर अडकला तर तो सोडवायला सवड नसते.

दुकानदाराच्या शब्दापेक्षा चाचणी अहवाल भरवशाचा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर तपासले जातात आणि पीटीओला खरी किती ताकद मिळते, ओढ किती, लिफ्ट किती, हे अहवालात आकड्यांत असतं. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून आधी पूर्वसंमती घ्यावी, मगच खरेदी. आधी बिल फाडलं तर अनुदान अडकतं. अवजार घरी आल्यावर गिअरबॉक्समध्ये तेल आहे की नुसतं पाठवून दिलंय, ते झाकण उघडून बघावं, आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर पात्यांचे सगळे नट पुन्हा आवळावेत.