सोलापुरात जेवायचं कुठे?

परगावी गेलं की हल्ली आपण फोन काढतो आणि ज्या हॉटेलला तारे जास्त, तिकडे वळतो. सोलापुरात असं केलंत तर पनीर बटर मसाला आणि तंदुरी रोटी मिळेल. ते पुण्यातही मिळतं. सोलापूरचं जेवण हवं असेल, तर आधी हे शहर कुणाकुणाच्या हातांनी उभं राहिलं ते पाहावं.

1877 साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. लोक तिला अजून ‘जुनी गिरणी’च म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आल्या, माग वाढले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. विजापूर इथून शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे बाजारपेठेत कानडी बोलणारी लिंगायत मंडळी पूर्वापार आहेत. गिरण्या बंद पडल्या, पण ही माणसं राहिली आणि त्यांची ताटंही राहिली. म्हणून इथे जेवण शोधायचं म्हणजे पेठा पायी फिरायच्या.

पहिला मान ज्वारीचा. जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत रब्बीला मालदांडी ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या ज्वारीच्या भाकरीला अंगचीच गोडी असते. साध्या लिंगायत खानावळीत शिरा आणि शक्यतो स्वयंपाकघराजवळचं बाक धरा. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ घेऊन बाई ते गरम पाण्यात मळते, तळहाताने रगडत राहते, मग थाप सुरू होते. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो. ते पाणी पुरतं वाळायच्या आत ती उलटायची, नाहीतर भेगा पडतात. शेवटी थेट जाळावर धरली की टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. ही भाकरी दोन मिनिटांत ताटात आली तरच तिची खरी चव. आधी करून डब्यात रचून ठेवलेली भाकरी वाढणारी खानावळ, बाकी सगळं चांगलं असलं तरी, मी दुसऱ्यांदा निवडणार नाही.

कडक भाकरी मात्र वेगळी गोष्ट. ती अगदी पातळ थापतात, भाजतात आणि ओल पूर्ण जाईपर्यंत धगीला सुकवतात. कित्येक दिवस टिकते, म्हणून प्रवासाला आणि शेतावर न्यायला सोयीची. आमटीत कुस्करून खावी किंवा दही आणि शेंगा चटणीबरोबर नुसती मोडून खावी.

शेंगा चटणीविषयी थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण तिच्या नावाखाली दाण्याचं कोरडं कूट फार विकलं जातं. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ एवढंच साहित्य. पण ते उखळात कुटायचं, आणि दाण्याला तेल सुटून चटणी गोळा होऊ लागेपर्यंत कुटायचं. चिमटीत दाबल्यावर बोटाला तेल लागलं, तर ती खरी. दुकानदाराकडे चाखायला मागा. बहुतेक जण आनंदाने देतात.

पूर्व भागात, साखर पेठ आणि कन्ना चौकाच्या बाजूला गेलात की कानावर तेलुगू पडते. दसऱ्याच्या सुमारास इथे बतुकम्मा हा तेलंगणातला सणही होतो. मांसाहारी असाल तर सावजींच्या पाट्या शोधा. इथले सावजी म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज. हाही मूळचा विणकर, पार हुबळी-गदगपर्यंत पसरलेला. त्यांचा मटणाचा रस्सा झणझणीत असतो. सवय नसेल तर वाटीभरच घ्या. रमजानच्या दिवसांत आलात तर विजापूर वेशीतला मीना बाजार चुकवू नका. संध्याकाळी सहज काही खायचं, तर पार्क मैदानाजवळची चौपाटी आहेच.

विचारायचं कुणाला? लॉजच्या काउंटरवर ‘इथलं प्रसिद्ध काय?’ असं विचारलं की ठरलेली नावं मिळतात. त्यापेक्षा चादरीच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलणाऱ्या माणसाला विचारा, ‘तुम्ही कुठं जेवता?’ तो म्हणेल, ‘खानावळीला जावा की ओ, गरम भाकरी मिळतीया.’ आणि बोट दाखवेल ती जागा बहुधा एखाद्या बोळात, चार-सहा बाकांची असते. तिथे दुपारी एकच्या सुमारास जावं. तीननंतर भाकरी संपते आणि चूलही विझते.

अशा जागा चालतात त्या रोजच्या गिऱ्हाइकावर, आणि हाताने भाकरी थापणाऱ्या बायांवर. हे काम कष्टाचं आहे, मजुरी बेताची. पाहुण्यांनी फक्त झगमगीत हॉटेलं भरली, तर या खानावळींच्या वाट्याला काहीच येत नाही. तेव्हा अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरला जाताना सोलापूर नुसतं ओलांडू नका, एक जेवण इथे ठेवा. जमलं तर जानेवारीत या. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, बाजारात शेंगा पोळ्या दिसतात आणि शहराबाहेरच्या शेतांतून हुरडा भाजला जात असतो.