मडक्यातली उतरंड

पिंजऱ्यातल्या मडक्यात डोकावलं, तर बजीची पाच पिल्लं दिसतात, पण एका विणीची वाटत नाहीत. थोरल्याला पिसांचे कोंब फुटलेले, धाकटं अजून उघडंबोडकं, डोळे मिटलेलं. अगदी उतरंडच. (आपण सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते बहुतेकदा हेच बजी, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजी ऑस्ट्रेलियाचे.)

गोम उबेत आहे. मादी साधारण दिवसाआड एक अंडं घालते. कोंबडी बरीचशी अंडी साठल्यावर खुडूक बसते, म्हणून तिची पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर पडतात. बजीला तेवढा धीर नाही. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती ठाण मांडते. अंड्यातलं घड्याळ ऊब लागली की चालू होतं आणि साधारण 18 दिवसांनी वाजतं. म्हणजे जन्मही दिवसाआड, आणि पाच अंडी असतील तर थोरल्या-धाकट्यात आठवड्याचं अंतर.

मुळात ही अंडी येतात ती मडक्यामुळे. रानात बजी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. काटक्या-गवताची खटपट नाही. अंधारी पोकळी मिळाली आणि नराची गुणगुण कानावर पडली, की मादीच्या शरीरात अंडी तयार होऊ लागतात. मडकं नसेल, तर जोडी बहुधा नुसतीच चोच घासत बसते.

धाकटं चेंगरत कसं नाही? कधी कधी चेंगरतंही. पण भरवताना आई लहानग्यांकडे जास्त लक्ष देते. पाचव्या आठवड्यात थोरलं भोकातून बाहेर झेपावतं, तेव्हा धाकटं आतच चिवचिवत असतं.